परदेशी शिष्यवृत्ती आणि कैरोची वाट

दरवर्षी परीक्षांचे निकाल लागू लागले की तहसील कचेरीच्या आवारात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लागतात. अर्ज लिहावयाचा, त्यावर तारीख घालावयाची, दाखला जोडावयाचा, मुदतीच्या आत तो दाखल करावयाचा आणि रक्कम मंजूर होण्याची वाट पाहावयाची, हा आमच्या गरीब विद्यार्थ्यांचा वार्षिक कुळाचार होय. अर्ज, तारीख, दाखला, मुदत, रक्कम, मंजूर हे सारे शब्द मूळचे अरबी आहेत. इतकेच नव्हे, तर तहसील आणि जिल्हा हेही तेथूनच आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तरी ते कचेरीतून हलले नाहीत. ज्या भाषेवाचून आमच्या विद्यार्थ्याला साधे मागणे मागता येत नाही, ती भाषा तिच्या देशी जाऊन शिकावयाची म्हटली की मात्र सरकारी शिष्यवृत्तीचे दार त्याच्यासाठी बंद होते. ते कोणी जाणूनबुजून लावले असे आम्ही म्हणत नाही. दोन वेगवेगळ्या हातांनी दोन अडसर घातले, आणि दोन्ही मिळून दार बंद झाले आहे.

आम्ही पूर्वी काही वर्षे मास्तरकी केली. त्या काळचा एक विद्यार्थी इंदोऱ्यात राहतो आणि पुस्तकबांधणीवर संसार चालवितो. तो मध्यंतरी आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आला. मुलीने इतिहासाची पदवी घेतलेली. शिवाय दोन वर्षे एका वृद्ध मौलवींकडे जाऊन ती अरबी लिपी आणि व्याकरण शिकली होती. दक्षिणेतील राष्ट्रकूट राज्याविषयी अरब प्रवाशांनी काय लिहिले, हा तिचा विषय. कैरोला जाऊन अरबीचा आणि इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास करावा अशी तिची इच्छा. "सर, पैसे मागायला आलो नाही, अर्ज कोठे करायचा तेवढे सांगा," असे तो म्हणाला. आम्ही दोन दिवस नियम चाळले. सांगण्यासारखे ठिकाण आम्हांला सापडले नाही.

नियम असे आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या वर्षाला ७५ जागा. योजना मोलाची आहे, आणि तिच्यामुळे विदर्भातील कितीतरी मुले लंडन-एडिंबरोपर्यंत पोचली. पण तिला अट अशी की विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेच्या आत असले पाहिजे. दहरान, रियाध, दोहा येथील विद्यापीठे अलीकडे या दोनशेत दिसतात. त्यांच्यामागे तेलाचा पैसा आहे. १९०८ साली स्थापन झालेले कैरो विद्यापीठ साडेतीनशेच्या आसपास आहे, आणि बैरूतचे अमेरिकन विद्यापीठही दोनशेच्या बाहेर. या क्रमवारीत विद्यापीठाचा लौकिक, त्याच्या संशोधनाचा अन्यत्र होणारा उल्लेख, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण वगैरे गोष्टींची बेरीज असते. अरबी शिकण्यास कैरो चांगले की अमेरिकेतील एखादे श्रीमंत विद्यापीठ चांगले, याचे उत्तर त्या बेरजेतून निघत नाही. भाषा वर्गाइतकीच बाजारात शिकली जाते, हे शाळामास्तरास सांगावे लागत नाही.

दुसरी योजना केंद्राची. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे; तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक आठ लाख. तिने क्रमवारीची रेघ पाचशेवर ओढली आहे, म्हणजे कैरो आत येते. परंतु २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. म्हणजे मुंबईच्या दारी मुलीचे विद्यापीठ चालत नाही, आणि दिल्लीच्या दारी विद्यापीठ चालते पण विषय चालत नाही!

भारताचा अभ्यास भारतातच उत्तम होतो, त्यासाठी परदेशी खर्च कशाला, असा सरकारचा युक्तिवाद आहे. तो वरवर पटण्यासारखा आहे. म्हणूनच त्याचा विचार नागपुरात बसून करावा. येथून दोन तासांच्या अंतरावर, वर्धा जिल्ह्यातील देवळीला, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा ताम्रपट सापडला. त्याच्या अगोदर पंचवीसेक वर्षे, ९१६ च्या सुमारास, बगदादचा अल्-मसूदी कोकणच्या किनाऱ्यावर चौलला येऊन गेला. चौलला तो सैमूर म्हणतो आणि राष्ट्रकूट राजाला बल्हारा. हा 'वल्लभराज' शब्दाचा अरबी उच्चार. पालघर जिल्ह्यात चिंचणी येथे मिळालेल्या शके ८४८ च्या ताम्रपटात तर राष्ट्रकूटांनी संजाणच्या प्रदेशावर मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी नेमल्याचे लिहिले आहे. मधुमती हे मुहम्मदचे संस्कृत रूप. आमच्याच इतिहासाचा एक कागद संस्कृतात आहे आणि दुसरा अरबीत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहून वाकाटकांचे कोरीव लेख जगापुढे मांडले, कारण त्यांना लागणारे संस्कृत येथे होते. दुसरा कागद वाचणारा मिराशी येथे कसा तयार व्हावा? आज आमचे बहुतेक अभ्यासक अल्-मसूदी इंग्रजी भाषांतरावरून वाचतात, आणि भाषांतरकाराच्या चुका आपल्या टीपांत घेतात.

या शहरात आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तीन वर्षांसाठी कोलंबिया विद्यापीठात पाठविले. तेथे बाबासाहेबांनी काय लिहिले? ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थकारण. आणि १९१६ साली वाचलेला भारतातील जातींवरील निबंध. २०२२ चा नियम त्या वेळी असता तर हे तिन्ही विषय बहुधा वगळलेल्या कप्प्यात पडले असते. दीक्षाभूमीच्या शहरातून हे सांगताना आम्हांला कोणाचा अधिक्षेप करावयाचा नाही. पण बाबासाहेबांच्या समाजातील मुलांसाठी चालणाऱ्या शिष्यवृत्तीत हा नियम राहावा, हे आम्हांला मुळीच समजत नाही.

गरजेचे म्हणाल तर ती दाखल्यावरील आकड्याने पुरती कळत नाही. बांधणीकाराला विमानाचे तिकीट, परवाना, राहण्याच्या जागेची अनामत ही रक्कम मुलगी निघण्यापूर्वी लागते. मागाहून मिळणारा परतावा त्याच्या कामाचा नाही. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या याच योजनेत निवडलेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी ४० जणांनाच आधी मंजुरीपत्रे गेली, आणि उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील असे सांगण्यात आले. परदेशी विद्यापीठ प्रवेशाची मुदत आमच्या अर्थखात्याकडे पाहून ठरवीत नाही. कामठीच्या विणकराच्या मुलाची स्थिती याहून कठीण. अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली.

यजमान देश स्वतः काही करीत नाहीत असे नाही. १९६१ साली निघालेले मदिनेचे इस्लामी विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षण, निवास आणि वेतन देते. कैरोच्या अल्-अझहरमध्ये तर शतकानुशतके देशोदेशीच्या विद्यार्थ्यांची निरनिराळी दालने होती; त्यांत एक हिंदी विद्यार्थ्यांचेही होते, आणि दानाच्या उत्पन्नातून गरीब विद्यार्थ्यांना रोजच्या भाकऱ्या मिळत. आमच्याकडे वार लावून जेवून शिकलेल्या पिढ्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. पण ही सोय मुख्यतः धर्मविद्येची. जो इतिहास, भाषा, कायदा शिकू इच्छितो त्याचा भार त्याच्या स्वदेशाने उचलावयाचा असतो. आखाती देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय राबत आहेत. त्यांचे करार आणि तेथील न्यायालयांचे निवाडे अरबीत असतात, आणि ते मूळातून वाचू शकणारा मराठी वकील आम्हांला क्वचितच भेटतो.

क्रमवारीची अट मुळात वाईट हेतूने आलेली नाही. परदेशात विद्येची दुकाने पुष्कळ आहेत, आणि सरकारी पैसा तेथे जाऊ नये हे बरोबरच. त्यासाठी भाषा आणि प्रदेशविषयक अभ्यासापुरती वेगळी यादी करता येईल. कैरो, बैरूत, अम्मान, राबात येथील मान्य विद्यापीठे जाणत्या प्राध्यापकांच्या समितीने निवडावीत, आणि ७५ पैकी थोड्या जागा तिकडे वळवाव्यात. खर्चाचाही बाऊ नको. लंडनमधील एका विद्यार्थ्याच्या खर्चात कैरोत दोघांचा निर्वाह सहज व्हावा, असा आमचा हिशेब आहे. केंद्राने २०२२ ची विषयबंदी मागे घ्यावी, आणि पहिला हप्ता प्रस्थानापूर्वी द्यावा.

तोवर नागपूरने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली, आणि तीतून १९४२ साली तंत्रशास्त्राची संस्था उभी राहिली. तिचे आता स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे. त्यांचा पैसा मँगनीजच्या खाणींतला होता. आजच्या नागपूरचा पैसा रुग्णालयांत, कोळशात, जमिनींत आणि संत्र्यांत आहे, आणि ती संत्री दुबईच्या बाजारातही गेलेली आहेत. विद्यापीठाने असा एक निधी उघडावा, त्याची वार्षिक जमाखर्चाची पत्रके छापावीत, आणि पहिल्या वर्षी दोनच विद्यार्थी पाठवावेत. इंदोऱ्याची ती मुलगी अजून अरबी शिकते आहे. मौलवींची दृष्टी अधू झाल्याने आता तीच त्यांना वाचून दाखविते, आणि चुकले की ते थांबवितात.