मोठा कॅमेरा आम्हीं कां विकला

शाळेचें स्नेहसंमेलन असो, मुंजीचा समारंभ असो, वा गणेशविसर्जनाची मिरवणूक असो. पुण्यांतील कोणत्याही गर्दींत आज निदान पांच-सात गृहस्थ असे आढळतात कीं, ज्यांच्या गळ्यांत काळा, जाडजूड कॅमेरा पट्ट्यानें लोंबत असतो, आणि तो पोटावर आपटूं नये म्हणून एक हात सदैव त्याच्याखालीं गुंतलेला असतो. हा कॅमेरा म्हणजे डीएसएलआर. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ मुलांच्या घरीं तो असेल. परंतु वर्षांतून किती दिवस तो कपाटाबाहेर पडतो, हा प्रश्न त्यांनीं आपल्या वडिलांस एकदां विचारून पाहावा. कित्येक घरीं त्याचें दर्शन खंडेनवमीसच घडतें. त्या दिवशीं घरांतील हत्यारांच्या पंक्तीस बसून तो हळदकुंकू व झेंडूचें फूल घेतो, आणि पुन्हां आपल्या पिशवींत जातो. आमच्याही घरीं तसाच एक होता. गेल्या वर्षीं आम्हीं तो विकला, व त्याच्या जागीं खिशांत मावेल असा, परंतु उत्तम जातीचा, लहान कॅमेरा घेतला. आमच्या स्नेहीमंडळींत ह्या गोष्टीचें बरेंच नवल झालें. मोठें टाकून लहान घेणें हें कसलें शहाणपण, असें एका गृहस्थांनीं स्पष्टच विचारलें. त्यांस तोंडीं देतां आलें नाहीं तें उत्तर येथें सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

थोरल्या कॅमेऱ्याची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. १९९९ सालीं निकॉन कंपनीनें डी१ नांवाचा कॅमेरा काढिला, तेव्हां त्याची किंमत पांच हजार डॉलरांहून अधिक होती, आणि वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांवांचून त्याच्या वाटेस कोणी जात नसे. २००३ सालीं कॅनननें ३००डी हा कॅमेरा हजार डॉलरांच्या आंत विकावयास आणिला, आणि तेथून हौशी माणसांचा मार्ग मोकळा झाला. छत्तीस चित्रांचें रीळ पुरवून पुरवून वापरणाऱ्या पिढीस हें केवढें ऐश्वर्य वाटलें असेल, याची कल्पना आजच्या मुलांस येणें कठीण आहे.

परंतु हा कॅमेरा इतका जड कां, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. भिंगांतून आंत आलेला प्रकाश ४५ अंशांत कललेल्या एका आरशावर पडतो, तेथून वर वळतो, आणि माथ्यावरील कांचेच्या लोलकांतून फिरून आपल्या डोळ्यास पोंचतो. बटण दाबतांच आरसा झटकन् वर उचलला जातो, शटर उघडतें, आणि तोच प्रकाश मागें बसविलेल्या सेन्सरवर पडतो. 'खटाक्' असा जो आवाज होतो, त्यांत ह्या आरशाचा मोठा वांटा असतो. आरशास हलावयास जागा हवी; म्हणून भिंगाची बैठक सेन्सरपासून दूर ठेवावी लागते. कॅननच्या जातींत हें अंतर ४४ मिलिमीटर आहे, निकॉनच्या जातींत ४६·५. म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटांतील पुष्कळशी जागा आरशाच्या उठण्याबसण्याकरितां राखलेली असते! त्यावर मोठें भिंग चढविलें कीं ओझें वाढत जातें. कॅननचा २०१६ सालचा ५डी मार्क ४ हा कॅमेरा बॅटरीसह ८९० ग्रॅम भरतो. त्याचें २४-७० मिलिमीटरचें भारी भिंग ८०५ ग्रॅमचें. आणि दूरचें टिपण्यासाठीं ७०-२०० चें भिंग बरोबर घेतलें, तर सर्व मिळून तीन किलोंच्या वर जातें. हें गांठोडें खांद्यास अडकवून आतकरवाडीहून सिंहगड चढून पाहावा, म्हणजे छायाचित्रणाची हौस आणि पिठलें-भाकरीची भूक यांपैकीं वर कोण आधीं पोंचतें, तें कळेल.

लहान कॅमेऱ्यांत आरसा नाहीं. भिंग कायमचें बसविलेलें असल्यामुळें तें सेन्सरच्या अगदीं निकट आणितां येतें, आणि उत्तम जातींपैकीं कित्येकांत शटरही भिंगाच्या पोटांतच असतें. त्याचा आवाज जवळ उभ्या असलेल्या माणसासही क्वचितच येतो. फुजीफिल्मचा एक्स१०० हा २०११ सालीं बाजारांत आला, सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ सालीं, आणि रिकोचा जीआर ३ हा २०१९ सालीं. ह्यांपैकीं सोनीचा २४० ग्रॅमांचा, तर रिकोचा २५७ ग्रॅमांचा. पाव किलो शेंगदाण्यांची पुडी हातांत धरावी इतकेंच वजन. परंतु वजनावरून पारख करूं नये. थोरल्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब व २४ रुंद असतो, आणि त्यास 'फुल फ्रेम' म्हणतात. सोनीच्या त्या लहानग्यांतला सेन्सर १३·२ लांब व ८·८ रुंद. क्षेत्रफळ काढून पाहिलें, तर सातपटींहून अधिक अंतर पडतें. रिको व फुजीफिल्म यांच्यांत मात्र सुमारें २३·५ बाय १५·६ चा सेन्सर आहे, आणि कित्येक मध्यम किंमतीच्या डीएसएलआरमध्यें असतो तो नेमका ह्याच मापाचा. तेव्हां आम्हीं फार मोठा त्याग केला, असें मुळींच नाहीं.

ह्या 'फुल फ्रेम'ची कथा मोठी बोधक आहे. जर्मनींतील वेट्झलार येथें लाइट्झच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा एक कारागीर होता. त्यास दम्याचा विकार होता, आणि कांचेच्या तबकड्यांचा अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन टेंकड्या चढणें त्यास सोसेना. त्यानें सिनेमाची ३५ मिलिमीटरची फीत घेतली, सिनेमांतील एका चित्राची जागा दुप्पट करून २४ बाय ३६ ची चौकट ठरविली, आणि १९१४ च्या सुमारास हातांत मावणारा एक कॅमेरा तयार केला. मध्यें महायुद्ध आलें. पुढें १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत तो 'लायका' या नांवानें लोकांपुढें आला. तबकड्यांच्या मानानें हें चित्र पोस्टाच्या मोठ्याशा तिकिटाएवढें! परंतु त्या दमेकऱ्यानें सोयीसाठीं पत्करलेली ती चिमुकली चौकटच आज 'फुल', म्हणजे पूर्ण, म्हणून मिरविते. आणि तीहून लहान तें अपुरें, असें आमचे स्नेही आम्हांस बजावितात.

इतकें सर्व असूनही, केवळ खांदा दुखतो म्हणून आम्हीं तो कॅमेरा विकला नसता. खरें कारण निराळें आहे, आणि तें कॅमेऱ्याच्या मागें उभ्या असणाऱ्या माणसाचें नसून पुढें उभ्या असणाऱ्या माणसाचें आहे.

श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी भवानी पेठेंतील आपला मुक्काम हलवून सासवडास निघते, तेव्हां दिवे घाटांत छायाचित्रकारांची केवढी दाटी होते, हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस आमचें म्हणणें समजेल. वळणावळणावर लांब नळ्यांचीं भिंगें रोखलेलीं असतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एखादी वृद्ध बाई पुढें आली कीं, दहा भिंगें एकदम तिच्याकडे वळतात. कोणी गुडघे टेंकून वाटच अडवितो. कोणी 'आजी, इकडे बघा' म्हणून ओरडतो. ती बिचारी क्षणभर बावरते, पदर सारखा करते, आणि तिच्या मुखांतील अभंग तेवढ्यापुरता थांबतो. ज्या गोष्टीचें चित्र घ्यावयास आपण आलों, तीच आपल्या येण्यानें मोडावी, याला काय म्हणावें? आम्हीं हें अनेक वर्षें पाहिलें. तुळशीबागेंतील बांगडीवाला असो, मंडईंत भाजीच्या ढिगापाशीं बसलेली मावशी असो, मोठा कॅमेरा डोळ्यास लावितांच समोरचा माणूस एक तर ताठ होतो, नाहीं तर 'कोणत्या पेपरातले तुम्ही?' असें विचारतो. लहान कॅमेरा छातीच्या पातळीवर धरला असतां आपला चेहरा उघडा राहतो. त्या माणसास आपले डोळे दिसतात, आपण त्याशीं बोलूं शकतों. आणि बोलणें चालूं असतांना जें चित्र निघतें, त्यांत तो घरच्यासारखा बसलेला असतो.

येथें कनू गांधींची आठवण होते. नात्यानें हे महात्माजींचे नातू लागत, आणि सेवाग्रामच्या आश्रमांत त्यांच्या कारभारास मदत करीत. त्यांस छायाचित्रें घेण्याची आवड होती. घनश्यामदास बिर्ला यांनीं दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनीं रोलिफ्लेक्स कॅमेरा घेतला. महात्माजींनीं त्यांस तीन अटी घातल्या: झगमगता दिवा पेटवावयाचा नाहीं, अमुक तऱ्हेनें बसा असें सांगावयाचें नाहीं, आणि आश्रम या छंदास पैसा देणार नाहीं. रोलिफ्लेक्स हा कॅमेरा कमरेशीं धरून वरून मान लववून पाहावयाचा असतो. एवढ्याच सामग्रीवर कनूंनीं १९४८ पर्यंत महात्माजींचीं जीं चित्रें घेतलीं, त्यांइतकीं निकटचीं चित्रें दुसऱ्या कोणास क्वचितच साधलीं असतील. परंतु त्यांसही एक दार बंद होतें. आमच्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्यें २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबांनीं देह ठेविला. त्या अंतकाळाचें छायाचित्र घेण्यास महात्माजींनीं कनूंना मनाई केली होती.

ही हकीकत आम्हीं मुद्दाम सांगितली. लहान कॅमेरा कोणाच्या नजरेस येत नाहीं, हा जसा त्याचा गुण तसाच मोठा धोकाही आहे. मोठा कॅमेरा निदान दुरून ओरडून सांगतो, कीं येथें चित्र घेतलें जात आहे. लहान कॅमेऱ्यास चोरी साधते. नदीकांठीं कपडे धुणारी बाई, फुटपाथावर निजलेला मजूर, दवाखान्याच्या दारीं रडणारा माणूस, यांचीं चित्रें न पुसतां घेण्यास तो फार सोयीचा आहे, आणि म्हणूनच तो मुलांच्या हातीं देतांना पालकांनीं महात्माजींच्या तीन अटींत आणखी एकीची भर घालावी, असें आम्हांस वाटतें: ज्याचें चित्र घ्यावयाचें, त्यास तें आधीं किंवा निदान लगेच नंतर दाखवावें, आणि त्यास नको असेल तर त्याच्यासमक्ष पुसून टाकावें. आमचा अनुभव असा कीं, शंभरांत फार थोडे नको म्हणतात, आणि पुष्कळ जण आपल्या मुलाबाळांचेंही एक काढा म्हणून सांगतात.

आतां तोट्यांविषयीं. एक चतुर विद्यार्थी विचारील, कीं खिशांत मोबाइल असतांना हें दुसरें यंत्र कशाला? पुष्कळ कामांस मोबाइल पुरतो, हें खरेंच आहे. परंतु त्याचा सेन्सर फारच लहान, आणि ती उणीव तो गणित करून भरून काढितो. सावली उजळावी कीं काळी ठेवावी, हें तो आपणच ठरवून टाकितो. ज्यास प्रकाश ओळखावयास शिकावयाचें आहे, त्यानें हा निर्णय यंत्रावर सोंपवूं नये. शिवाय चित्र घेतां घेतां त्यावर मामांचा निरोप येतो तो निराळाच! लहान कॅमेऱ्याचे स्वतःचे दोषही कमी नाहींत. थोरल्या कॅननची बॅटरी एका भरण्यांत सुमारें ९०० चित्रें देते, रिकोची सुमारें २००. रिकोस डोळा लावावयास खिडकी नाहीं, आणि चैत्रांतील दुपारच्या उन्हांत मागचा पडदा आरशासारखा आपलेंच तोंड दाखवितो. भिंग निघत नसल्यामुळें आंत धूळ गेली तर ती घरीं काढितां येत नाहीं, आणि पुण्यांत धुळीस तोटा नाहीं. दूरचें जवळ आणण्याची सोयही त्यांत नाहीं. पुढें व्हावयाचें तें आपल्या पायांनीं. क्रीडांगणावरील शर्यती, किंवा भिगवणास उजनीच्या फुगवट्यावर उतरणारे रोहित पक्षी टिपावयाचे असतील, तर थोरला कॅमेराच पाहिजे. तेथें आमचा लहानगा अगदीं हतबल होतो.

आणि किंमत! हें यंत्र आकारानें लहान, दामानें नव्हे. उत्तम जातीचा नवा लहान कॅमेरा आज लाखाच्या आगेंमागें, आणि फुजीफिल्मचा २०२४ सालचा एक्स१००व्ही.आय. तर दीड लाखाच्या घरांत जातो. हप्ते बांधून तो घ्यावा, असें आम्ही कोणाही पालकांस सांगणार नाहीं. घरांत निजलेला थोरला कॅमेरा आधीं विकावा, आणि त्याच्या पैशांत जुना पण नीट ठेविलेला लहान कॅमेरा मिळतो का, तें पाहावें. कॅननच्या मुख्याधिकाऱ्यांनींच २०२१ सालीं सांगून टाकिलें, कीं १डीएक्स मार्क ३ हा त्या जातींतील आमचा शेवटचा अग्रगण्य कॅमेरा होय. तेव्हां ज्यास विकावयाचा असेल त्यानें फार काळ वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. आणि कपाटांत ठेवलेला कॅमेरा सुरक्षित राहतो, हाही एक भ्रमच आहे. आपल्याकडील आषाढ-श्रावणाच्या दमट हवेंत बंद पिशवींतील भिंगांवर बुरशीचें कोळ्याच्या जाळ्यासारखें जाळें चढतें, आणि एकदां तें कांचेवरील लेपांत मुरलें कीं कारागिराच्या हातूनही पुरतें निघत नाहीं. विकावयाचा नसेल, तर घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि महिन्यांतून दोनदां तरी बाहेर काढून चालवावा.

आमचा थोरला कॅमेरा सदाशिव पेठेंत राहणाऱ्या एका महाविद्यालयीन तरुणानें दोन्ही भिंगांसह घेतला. दर रविवारीं पहांटे तो मोटारसायकलीवरून भिगवणास जातो. परवां त्यानें एक चित्र आणून दाखविलें: पाण्यावरून उठलेल्या रोहित पक्ष्यांची रांग, आणि सर्वांत मागच्या पक्ष्याच्या पायांतून गळणारे थेंब मोजतां येतील इतके स्वच्छ. हें चित्र त्याच भिंगांतून निघालें होतें, आणि तें भिंग आमच्या कपाटांत सहा वर्षें होतें.