वैराटच्या गवताखालचं गाव

चिखलदऱ्याला जाऊन आलेल्या नागपूरकरांच्या मोबाईलमध्ये वैराटचा एखादा फोटो हमखास सापडतो. उंचावरचं मोकळं कुरण, मागे मेळघाटच्या डोंगररांगा आणि नशीब जोरावर असलं तर गव्यांचा कळप. पण जंगलाच्या मधोमध एवढं गवत आलं कुठून? मित्रांनो, तिथं गाव होतं. माणसं गेली, शेतं मोकळी झाली, गवत वाढलं.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पण इथल्या कोरकूंना हलवण्याची गोष्ट वाघांच्याही आधीची आहे. डोंगरउतारावर जागा बदलत शेती करणाऱ्या या लोकांची ती शेती इंग्रजांच्या वनखात्यानं बंद पाडली. लाकडाच्या कामाला मजूर हवे होते, म्हणून वनग्रामं वसवली. पुढे वाघांसाठी गावं उठू लागली. आधी बोरी, कोहा, कुंड. नंतर वैराट, चुर्णी, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी कितीतरी.

वाघाला निवांत जंगल हवं, हे कुणी नाकारत नाही. रस्ता, शाळा, दवाखाना मिळेल म्हणून स्वतःहून बाहेर पडायला तयार झालेली कुटुंबंही आहेत. प्रश्न आहे तो मोजण्याचा. सरकारी हिशेबात एकक असतं कुटुंब. कुटुंबामागे आधी १० लाख, नंतर १५ लाख रुपये. ठरलेल्या तारखेला १८ वर्षं पूर्ण झालेला मुलगा वेगळं कुटुंब धरला जातो, १७ वर्षांचा त्याचा भाऊ मात्र नाही. तुमच्याच वयाची पोरं ही! एका वाढदिवसावर एवढा फरक पडतो.

आणि गाव? ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. गावाचा मुठवा देव, सूर्य-चंद्र कोरलेले मृतांच्या आठवणीचे लाकडी मुंडा, मोहाची झाडं, याची भरपाई कशी काढणार? अकोट तालुक्यात वसवलेल्या केलपाणी, गुल्लरघाटची माणसं सोयी मिळाल्या नाहीत म्हणत जुन्या गावी परतली. जानेवारी २०१९ मध्ये वनकर्मचारी, पोलीस आणि गावकरी यांच्यात संघर्ष झाला. दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. तैवानच्या डोंगरातल्या पायवान आदिवासींची गावं जपानी राजवटीनं खाली सपाटीकडे आणली. २००९ च्या मोराकोट वादळानंतर उरलेल्यांपैकीही काही गावं रिनारी नावाच्या नव्या वसाहतीत गेली. पायवान पूर्वी आपली माणसं घराच्या फरशीखालीच पुरत. असं घर सोडणं म्हणजे काय, हे मुंडा मागे ठेवून आलेल्या कोरकू म्हाताऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही.

आपला २००६ चा वनहक्क कायदा याबाबत स्पष्ट आहे. ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण आणि लेखी संमती हवी. नव्या जागी सोयी पूर्ण झाल्याशिवाय कुणाला हलवायचं नाही. हे अक्षरशः पाळलं, अख्खं गाव एकत्र वसवलं आणि नंतरची काही वर्षं दरवर्षी जाऊन विचारपूस केली, तर परत फिरण्याची वेळ कशाला येईल?

नागपूर स्वतःला वाघांची राजधानी म्हणवून घेतं. मग सफारीच्या प्रत्येक गेटवर वाघांच्या फोटोशेजारी एक साधा फलकही असू द्या: आत कोणती गावं होती, ती केव्हा उठली, आता कुठं आहेत. तोवर पुढच्या ट्रिपला एवढं करा. जिप्सीतला गाईड बऱ्याचदा तिथलाच पोरगा असतो. वाघ कुठं दिसला हे त्याला विचाराच. पण त्याचं गाव कुठं होतं, हेही विचारा.