एकाचे कुंपण, दुसऱ्याचे नुकसान

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा वसले आहे. संत सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळे गावाचे नाव दूरवर माहीत आहे. संग्रामपूर तालुक्याचा हा पट्टा संत्र्याचा. दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात गेले की खारपाणपट्टा लागतो; तिथे पाणी खारे आणि जमिनीला निचरा कमी. संत्र्याला गोडे पाणी आणि निचऱ्याची जमीन हवी. ती मिळते डोंगराच्या कडेला. म्हणून बागा जंगलाच्या अंगाला सरकत गेल्या. पलीकडे अंबाबरवा अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेले, १२७ चौरस किलोमीटरचे हे जंगल आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बाग आणि वन्यप्राणी यांची गाठ पडणे हा इथे योगायोग नव्हे; दोघांचा शेजार भूगोलानेच ठरवला आहे.

बागेत रात्री शिरणाऱ्या जनावरांना बोलताना आपण सरसकट हरणे म्हणतो. चितळ आणि सांबर ही खरी हरणे. त्यांची शिंगे गळतात व पुन्हा येतात. काळवीट आणि आमच्याकडे जिला रोही म्हणतात ती नीलगाय, हे दोन्ही कुरंग कुळातले. शेतकऱ्याला या भेदाचे काय, असे कुणी म्हणेल. पण चितळाचा नर नव्या शिंगांवरची कातडी काढायला झाडाच्या खोडावर शिंगे घासतो आणि साल सोलली जाते. रोही उंच, ती शेंडे खाते आणि अंगाच्या धक्क्याने कोवळी झाडे मोडते. एकाला खोडाभोवती काट्या बांधून अडवता येते, दुसरीला नाही.

नव्या बागेत तर नुकसान वेगळ्याच रीतीने होते. संत्र्याचे कलम जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेले असते. रोहीने वरचा संत्र्याचा भाग खाल्ला, की खालून जंभेरीचे फुटवे जोमाने वाढतात. लांबून झाड हिरवेगार दिसते, पण त्याला पुढे येणार ते आंबट जंभेरीचे फळ! सहा बाय सहा मीटरवर लावले तर एकरी सुमारे ११० कलमे बसतात आणि फळाला चार-पाच वर्षे थांबावे लागते. एका रात्री तीस कलमांचे शेंडे गेले, तर नुकसान तीस रोपांच्या किमतीएवढे धरायचे, की गेलेल्या वर्षांएवढे?

यावर उपाय लोकांनी कमी केलेले नाहीत. या भागातल्या शेतांभोवती जुन्या साड्या बांधलेल्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कुणी न्हाव्याकडचे केस आणून पसरतो, कुणी डबे वाजवतो, कुणी बुजगावण्याला सदरा चढवतो. चार-आठ दिवस गुण येतो. मग जनावराला कळते की साडी चावत नाही. शेवटी उरते ती जागल. दिवसभर राबलेला माणूस थंडीत मचाणावर बसतो, घरचा शिकता मुलगा त्याच्या सोबतीला जातो. या जागरणाचा हिशेब कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

ज्याच्याकडे पैसा आहे तो तारेचे कुंपण करतो किंवा सौर झटका मशीन बसवतो. हे यंत्र सेकंदाला साधारण एकदा, क्षणमात्र झटका देते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. विजेच्या खांबावरून थेट तारेत प्रवाह सोडणे हा मात्र गुन्हा आहे. त्या तारेने रोही मरते, तसा पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही मरतो. अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो.

पण चांगल्या कुंपणाचीही एक दुसरी बाजू आहे, आणि तीच मला इथे मांडायची आहे. झटका खाल्लेला कळप उपाशी परत जात नाही. तो पुढच्या धुऱ्यावर जातो. आमच्या नात्यातल्या एका बागेभोवती झटका मशीन बसले. त्याच वर्षी शेजारच्या दोन एकरवाल्याने हरभरा पेरणे सोडले. कुंपण घालणाऱ्याचा यात काय दोष? त्याने आपली कलमे वाचवली. पण कळपाचा भार अखेर कुणावर पडला? ज्याला कुंपण परवडत नव्हते त्याच्यावर.

सरकारी उपाययोजना बहुतेक याच एकेकट्याच्या हिशेबाने चालते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वैयक्तिक सौर कुंपणासाठी साहित्याच्या किमतीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त १५ हजार रुपये, असे अनुदान ठेवले गेले. वरचा पैसा ज्याच्या खिशात, कुंपण त्याचे. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात घेण्याचे जाहीर केले. नुकसान ७२ तासांत कळवण्याची अट घातली. पाऊल स्वागतार्ह आहे. पण संत्र्याच्या बहाराचा विमा हवामानावर आधारित वेगळ्या योजनेत येतो, आणि रोहीने खाल्लेला शेंडा हवामान केंद्राच्या नोंदीत कसा दिसणार?

मग मारूनच टाका, असे संतापाने म्हटले जाते. २०१६ साली बिहारमध्ये मोकामा भागात नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या. त्यावरून केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये दुसरा मार्ग धरला. शाजापूर भागात हेलिकॉप्टरने कळप हाकून, न मारता, नऊशेच्या वर काळवीट व नीलगायी पकडून अभयारण्यांत हलवल्या. पण आमच्याकडे अभयारण्यच बागेच्या उशाशी आहे. इथून कळप हलवला, तरी मोकळी झालेली जागा भरायला जंगलात जनावरे आहेतच.

म्हणून मला वाटते, कुंपणाचे एकक बदलले पाहिजे. सात-बारा हे एकक नको, शिवार हवे. जंगलाकडच्या अंगाने सलग एकच सौर कुंपण घातले, तर प्रत्येक वावराला चारही बाजूंनी तार ओढण्यापेक्षा एकूण तार कितीतरी कमी लागते. जनावराच्या पाणवठ्याच्या वाटा मात्र मोकळ्या ठेवाव्या लागतील. त्या कुठल्या, हे जागल करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तारेखालचे गवत कापणे, बॅटरी पाहणे हे काम पाळीने करावे लागेल. गवत तारेला टेकले की झटका जमिनीत जातो आणि कुंपण नावापुरते उरते. नव्या कलमांना पहिली तीन-चार वर्षे जाळी किंवा बोरीच्या काट्यांचे कवच असावेच.

हे सोपे नाही. धुऱ्यावरून भावाभावांत खटले चालतात, तिथे शिवारभर एक तार कशी ओढायची? पण यात्रेसाठी वर्गणी काढणारी, पंगतीला हजारो पाने वाढणारी गावे हीच आहेत. अनुदान व्यक्तीऐवजी शिवाराच्या गटाला मिळाले, आणि त्यात दोन एकरवाल्याचा धुरा आधी धरला, तर त्याच्या मुलालाही उद्या कलम लावायचा धीर होईल. आज तो कलम लावत नाही. आणि न लावलेल्या झाडाची भरपाई कोणतेच खाते देत नाही.