विश्लेषण : जंगलात पडलेले सांबरशिंग उचलणे हा गुन्हा का? खान्देशातील खरी अडचण काय?

अमेरिकेत हरणांची गळून पडलेली शिंगे शोधण्यासाठी कुत्र्यांना खास शिकवले जाते. तोंडात भलेमोठे शिंग धरून मालकाकडे धावत येणाऱ्या लॅब्रॅडॉरचे व्हिडीओ आपल्याकडेही मोबाइलवर आवडीने पाहिले जातात. सातपुड्यात मात्र असेच शिंग पिशवीत टाकून घरी आणले, तर गुन्हा दाखल होऊ शकतो. प्राणी मारलेला नाही, त्याला इजाही झालेली नाही, मग गुन्हा कशाचा? कायद्याचा कठोरपणा योग्यच आहे. पण त्याचा फटका शिंग विकत घेणाऱ्याआधी ते उचलणाऱ्याला बसतो आणि घरात वर्षानुवर्षे पडून असलेल्या तुकड्याचे काय करायचे, याचे सोपे उत्तर कोणाकडेच नाही.

खान्देशात हा प्रश्न कुठे येतो?

जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य १९८६ मधले. मुक्ताईनगर तालुक्यातील वढोदा वनक्षेत्राला २०१४ मध्ये मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. मेळघाटातून पश्चिमेकडे येणाऱ्या वाघांसाठी सातपुड्याचा हा पट्टा म्हणजे जाण्यायेण्याची वाट आहे. वाघ इथे टिकायचा, तर सांबर, चितळ, रानडुक्कर यांची संख्या टिकली पाहिजे.

याच जंगलाच्या कडेने पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबे राहतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले वेचायला आणि त्यानंतर तेंदूपत्ता तोडायला माणसे जंगलात जातात. सांबराची शिंगे गळण्याचा काळही बहुतेक उन्हाळ्याचाच. पानगळीमुळे जमीन उघडी पडलेली असते, पाचोळ्यात पडलेले शिंग लांबूनही दिसते. त्यामुळे ते सापडते ते शिकाऱ्यालाच असे नाही. अनेकदा ते मोह वेचणाऱ्या बाईला किंवा गुराख्याला सापडते.

शिंग गळते म्हणजे नेमके काय होते?

मराठीत सगळ्यांना आपण शिंगच म्हणतो, पण त्यात दोन प्रकार आहेत. चिंकारा, काळवीट, नीलगाय आणि चौसिंगा यांची शिंगे गाय-म्हशीसारखी असतात. आत हाड, वर नखासारख्या पदार्थाचे आवरण. ती जन्मभर राहतात, गळत नाहीत. सांबर, चितळ आणि भेकर हे खरे हरीणकुळातले. त्यांच्यात फक्त नराला शिंगे येतात, ती पूर्णपणे हाडाची असतात आणि गळून पुन्हा उगवतात.

नवे शिंग वाढत असताना त्यावर मखमलीसारखी मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी असते. सस्तन प्राण्यांच्या शरीरात इतक्या वेगाने वाढणारे हाड दुसरे नाही. वाढ पूर्ण झाली की कातडी सुकते आणि नर ती झाडाच्या बुंध्यावर घासून काढतो. माजाचा काळ संपून शरीरातील टेस्टोस्टेरॉन घटले की शिंगाच्या बुडाशी हाड ठिसूळ होते आणि शिंग आपोआप पडते. चितळांमध्ये यासाठी सर्व नरांचा एकच ठरलेला काळ नसतो.

गळालेले आणि तोडलेले शिंग ओळखता येते का? बुडाचा भाग शाबूत असेल तर येते. आपोआप गळालेल्या शिंगाचे बूड खडबडीत, थोडे फुगीर असते. मारलेल्या प्राण्याच्या शिंगाला कवटीचा तुकडा तरी चिकटलेला असतो किंवा कापल्याची सपाट खूण असते. मात्र त्याचे तुकडे केले, चाकूची मूठ बनवली किंवा पूड केली, की ही ओळख संपते.

परदेशात कुत्रे काय करतात?

अमेरिकेत गळालेली शिंगे गोळा करणे हा मोठा छंद आहे आणि बाजारही आहे. शिंगे शोभेच्या वस्तूंसाठी विकली जातात, कुत्र्यांना चघळायला तुकडे मिळतात. कुत्र्याला शिकवण्याची पद्धत साधी आहे. पिल्लू असतानाच शिंग हे खेळणे म्हणून द्यायचे, मग ते गवतात लपवायचे, आणून दिले की खाऊ द्यायचा. माणसाच्या हाताचा वास लागू नये म्हणून शिंग लपवताना हातमोजे घालतात, नाहीतर कुत्रा शिंगाऐवजी मालकाचाच माग काढतो. कुत्रा वास आणि आकार दोन्ही ओळखायला शिकतो. या कुत्र्यांच्या स्पर्धा भरवणारी संघटनाही तिथे आहे.

पण तिथेही मोकळे रान नाही. कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम भागात सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल या काळात शिंगे गोळा करायला बंदी असते. हिवाळ्याच्या अखेरीस हरणांच्या अंगात चरबी उरलेली नसते. माणसे आणि कुत्री मागे लागली की पळण्यात त्यांची उरलीसुरली ताकद जाते. आपल्याकडे हीच वेळ उन्हाळ्यात येते. पाणवठे आटतात, चारा संपतो, प्राणी शेतशिवाराकडे उतरतात. त्यामुळे व्हिडीओ पाहून आपला कुत्रा यावल किंवा अनेरच्या जंगलात शिंगे शोधायला नेणे ही हौस प्राण्यांच्या जिवावर बेतू शकते. शिवाय वन्यजीव कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकारणे हेही येते. प्राणी मेलाच पाहिजे अशी अट नाही.

शिंग उचलले तर कोणता कायदा लागतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'ट्रॉफी'च्या व्याख्येत शिंगाचा स्पष्ट उल्लेख आहे. अभयारण्यातून परवान्याशिवाय कोणतीही वन्यजीव किंवा वनोपज वस्तू बाहेर नेता येत नाही, असे कलम २९ सांगते. अभयारण्याबाहेरच्या वनातही सुटका नाही, कारण भारतीय वन कायदा १९२७ नुसार जंगलात सापडलेली शिंगे आणि हाडे ही वनोपजच आहेत. सरकारी मालमत्ता ठरणारी वस्तू कोणत्याही मार्गाने हाती आली, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. कलम ५७ नुसार अशी वस्तू ताब्यात सापडली, की ताबा बेकायदा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि दंड वाढले. सर्वसाधारण गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची एकमधील प्राणी किंवा अभयारण्यातील शिकार असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

वनहक्क कायदा २००६ इथे मदतीला येतो का? नाही. त्यात गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला आहे, पण ते वनोपज वनस्पतीजन्य असावे लागते. परंपरागत हक्कांच्या यादीतून शिकार, फासे लावणे आणि वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढणे हे थेट वगळले आहे. म्हणजे त्याच झाडाखालचा मोह हक्काचा आणि त्याच्या शेजारी पडलेले शिंग गुन्ह्याचे.

घरातल्या साबरशिंगाचे काय?

अनेक मराठी घरांत आजीच्या डब्यात साबरशिंगाचा तुकडा असायचा. काही घरांत अजूनही आहे. छातीत कफ दाटला, कुठे सूज आली की ते सहाणेवर उगाळून लेप लावायचा. आयुर्वेदात शृंगभस्माची कृतीही आहे. रसायनशास्त्राच्या अंगाने पाहिले तर सांबराचे शिंग म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि प्रथिने असलेले हाड. पण मागणी रसायनशास्त्र पाहून येत नाही, ती विश्वासावर चालते. त्यात दिवाणखान्यातील शोभेची शिंगे आणि चाकू-काठ्यांच्या मुठी यांची भर पडते.

शिंग आपोआप गळते, मग विक्रीला हरकत का?

हा प्रश्न रास्त वाटतो, पण त्याचे उत्तर बाजारात आहे. गळालेले शिंग कधी आणि कुठे सापडेल याचा भरवसा नसतो. ते पडून राहिले तर साळिंदर ते कुरतडते, उन्हापावसाने त्याला तडे जातात. विकत घेणाऱ्याला मात्र ताजी, जोडीने जुळणारी शिंगे हवी असतात आणि ती देणारा सर्वात सोपा मार्ग फाशाचा किंवा बंदुकीचा असतो. गळालेल्या शिंगाला कायदेशीर भाव मिळाला की मारून आणलेले शिंगही 'गळालेले' म्हणून त्याच बाजारात विकले जाईल. पूड झाल्यावर दोन्हींत फरक करणार कोण?

दुसरे कारण जंगलाचे. गळालेले शिंग म्हणजे कचरा नव्हे. साळिंदर, उंदीर आणि कधी हरणेही ते कुरतडून कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळवतात. म्हणून बंदी उठवा, ही मागणी चुकीची आहे.

मग चुकते कुठे?

साखळी तीन माणसांची आहे. उचलणारा, मधला व्यापारी आणि विकत घेणारा. जंगलाच्या वाटेवर पकडणे सोपे ते पहिल्याला. त्याच्या हातात शिंग असते, खिशात पैसे नसतात आणि कलम ५७ मुळे ते निर्दोष मार्गाने सापडले हे सांगण्याचे ओझेही त्याच्यावर असते. व्यापाऱ्याचा माल मात्र बसच्या डिकीत किंवा रेल्वेच्या पार्सलमध्ये असतो. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. भुसावळ हे देशातील मोठ्या रेल्वे जंक्शनपैकी एक. एवढ्या वाहतुकीत पिशवीभर शिंगे शोधणे माणसाच्या डोळ्यांचे काम नाही.

तिसरा दुवा म्हणजे तुमच्या-आमच्या घरातील तो तुकडा. केंद्राने २००३ मध्ये जुन्या वन्यजीव वस्तू जाहीर करण्यासाठी १८० दिवसांची मुदत दिली होती. डब्यातल्या बोटभर साबरशिंगासाठी किती घरे त्या वेळी अर्ज करायला गेली असतील? २०२२ च्या दुरुस्तीने वस्तू सरकारजमा करण्याची तरतूद आणली, पण ती मालकीचे प्रमाणपत्र असलेल्यांसाठी आहे. प्रमाणपत्र नसलेल्या घराने आज प्रामाणिकपणे तुकडा वनविभागाकडे नेला, तर तो पहिल्यांदा स्वतःविरुद्धचा पुरावा ठरतो. परिणाम असा, की लोक गप्प बसतात किंवा तो तुकडा नातेवाइकाला देऊन टाकतात.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, ठरावीक मुदतीची जमा मोहीम. २००३ ची सवलत वस्तू ठेवण्यासाठी होती, आता ती देऊन टाकण्यासाठी हवी. यात व्यापारी आपला ताजा साठा पांढरा करून घेतील, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय नियमातच ठेवता येतो. फक्त लहान, घरगुती तुकडे, कोणालाही प्रमाणपत्र नाही, मोबदला नाही आणि जमा झालेले सगळे नष्ट. आसामने २२ सप्टेंबर २०२१ रोजी गेंड्याची २४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. या वस्तूला बाजार नाही हे सांगण्याची ती पद्धत होती.

दुसरी गोष्ट, मोह आणि तेंदू गोळा करणाऱ्यांना नोंदीच्या कामात घेणे. शिंग कुठे पडले याची नोंद म्हणजे नर सांबर कुठे वावरतो याची माहिती, आणि यावल-मुक्ताईनगरच्या वाघांच्या पट्ट्यात ती मोलाची आहे. मात्र पैसे प्रत्येक शिंगामागे देऊ नयेत, कारण तो पुन्हा भावच झाला. ते दिवसाच्या कामाचे द्यावेत, नोंद ग्रामसभेमार्फत व्हावी आणि शिंग जागेवरच राहावे.

तिसरी गोष्ट, कुत्रे. इथे ते शिंग गोळा करायला नकोत, तर शिंगाचा व्यापार पकडायला हवेत. 'ट्रॅफिक' या संस्थेचा वन्यजीव श्वानपथक कार्यक्रम भारतात २००८ पासून सुरू आहे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात आणि पंचकुला जिल्ह्यातील भानू येथील आयटीबीपीच्या केंद्रात कुत्रा आणि त्याचे हँडलर एकत्र शिकतात. वाघ-बिबट्याची कातडी, हाडे, हस्तिदंत यांचा वास त्यांना ओळखता येतो. तत्त्व अमेरिकेतल्या लॅब्रॅडॉरचेच, शोध, ओळख आणि खाऊ. भुसावळ स्थानक आणि धुळ्याचे बसस्थानक इथे अशा पथकाच्या नियमित फेऱ्या झाल्या, तर कारवाईचा रोख डोक्यावर मोहाची टोपली असलेल्या माणसाकडून पार्सल पाठवणाऱ्याकडे वळेल.

शिंग सापडले तर काय करावे?

उचलू नका, घरी आणू नका. जागा लक्षात ठेवा, फोटो काढा आणि वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. फोटो समाजमाध्यमांवर टाकताना जागा सांगू नका, ती शिकाऱ्यालाही कळते. आणि कोणी साबरशिंग विकायला आले, तर 'गळालेले आहे' हे वाक्य ऐकून घेऊ नका. ते खरे असले तरी विक्री बेकायदाच आहे आणि ते खोटे निघाले तर तुमच्या पैशाने एक सांबर गेलेले असते.