जखमी पोपट आणि बांधावरचे झाड

औसा तालुक्यात रब्बी ज्वारीचे कणीस भरू लागले की पोपटांचे थवे सकाळ-संध्याकाळ शिवारावर उतरतात. मग गोफण, पत्र्याचा डबा आणि पोरांच्या आरोळ्या यांनी शिवार दुमदुमून जाते. पोपट जेवढे खातो त्याहून अधिक सांडतो, अर्धवट कुरतडलेले कणीस टाकून दुसऱ्यावर जातो, ही शेतकऱ्याची तक्रार अगदी खरी आहे. सूर्यफूल, मका, पेरू आणि डाळिंब यांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. परंतु शेतात ज्याला वैरी समजून दगड मारावयाचा तोच पक्षी घराच्या ओसरीवर पिंजऱ्यात टांगून त्याला ‘विठू विठू’ म्हणावयास शिकवावयाचे, हीही आपल्या खेड्यांतील जुनी रीत आहे. ह्या रागातून आणि ह्या लोभातून पक्ष्याची हानी सारखीच होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यापुढे असा पक्षी अनेक रूपांनी येतो. कधी गोफणीच्या खड्याने पंख मोडलेला, कधी फळबागेवरील जाळीत पाय गुंतलेला, संक्रांतीच्या सुमारास मांज्याने खांदा कापलेला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 साली नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. तरी झाडांत अडकून राहिलेला दोरा पतंगाचे दिवस सरल्यावरही पाखरांना जखमी करतो. केंद्र शासनाने 2023 साली मोनोक्रोटोफॉसचे शेतीत वापरले जाणारे 36 टक्के द्रावण बंद केले, हे पक्ष्यांच्या दृष्टीने फार चांगले झाले, कारण ते पाखरांना अतिशय घातक असे. पोपटांसाठी धान्याला विष चोळून ठेवणारा मनुष्य तर आपल्या व शेजाऱ्याच्या कोंबड्यांचाही घात करतो.

असा पक्षी सापडल्यास त्याच्यावर सुती फडके टाकून त्याला हळूच उचलावे. पोपटाची चोच बोटातून रक्त काढते, म्हणून डोके मागच्या बाजूने आवरून धरावे. छाती मात्र आवळू नये, कारण छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वास घेता येत नाही. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात फडके अंथरून त्याला अंधाऱ्या, उबदार आणि निवांत जागी ठेवावे. बघ्यांची गर्दी जमू देऊ नये. पुष्कळ पक्षी जखमेपेक्षा भीतीनेच दगावतात. चोच उघडून पाणी ओतण्याची आपली सवय चांगल्या हेतूची असली तरी ते पाणी श्वासनलिकेत जाते व पक्षी गुदमरतो. दूध देऊ नये, पोपटाला ते पचत नाही. मांजा अंगात रुतला असल्यास ओढू नये, दोन्हीकडून कापून तेवढा तुकडा तसाच राहू द्यावा व तो काढण्याचे काम पशुवैद्यावर सोपवावे. मोडलेला पंख घरी बांधण्याच्या भानगडीत पडू नये. पोपटांपासून माणसाला फुप्फुसाचा एक आजार होऊ शकतो. म्हणून नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत आणि खोके लहान मुलांपासून दूर असावे. ढोलीतून पडलेले पिल्लू धडधाकट असेल व ढोली हाताशी असेल तर ते परत आत ठेवणे हाच उत्तम उपाय होय. माणसाचा हात लागला म्हणजे आई पिल्लाला टाकते, हा समज चुकीचा आहे. (जाता जाता दुसऱ्या समजाविषयी. हिरवी मिरची पोपटाला आवडते ती त्याची जीभ कणखर असते म्हणून नव्हे. मिरचीतील तिखट द्रव्याची आग पक्ष्यांना जाणवतच नाही.)

यानंतर वनविभागाला कळवावयाचे. त्यासाठी 1926 हा दूरध्वनी क्रमांक आहे. पक्षी आपल्याकडे ठेवून घेणे हा दयेचा मार्ग नव्हे, आणि कायद्यालाही ते मंजूर नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 साली झाला. 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, आपला नेहमीचा पोपट त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा त्याची अंडी-पिल्ले काढणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ओसरीवरील पिंजरा हा अपराध आहे, हे पुष्कळ सज्जन कुटुंबांच्या गावीही नसते.

हे कळल्यावर एखादा गृहस्थ पिंजऱ्याचे दार उघडून राघूला सोडून देतो व पुण्य पदरी पडले असे मानतो. हा समज सर्वांत घातक आहे. पाळलेल्या पोपटाचे पंख बहुधा कापलेले असतात. कापलेले पीस पुन्हा वाढत नाही. ते गळून त्या जागी नवे यावे लागते, आणि पिसे गळण्याचा काळ वर्षातून एकदा येतो. तोवर हा पक्षी अंगणातील मांजराचे भक्ष्य होय. पंख शाबूत असले तरी लहानपणापासून माणसाच्या हातून दाणा खाल्लेल्या पोपटाला शिकऱ्याची सावली ओळखता येत नाही, थव्याची हाक कळत नाही, आणि भुकेला झाला की तो उडून माणसाच्याच खांद्यावर बसतो.

पक्षिगृहाचे खरे काम येथे सुरू होते. नागपूरला सेमिनरी हिल्स येथे आणि पुण्याला बावधन येथे वन्यप्राण्यांसाठी अशी उपचार केंद्रे आहेत. आलेला पक्षी प्रथम इतरांपासून वेगळा ठेवून त्याचा रोग तपासतात. जखम भरल्यावर त्याला लांब पिंजऱ्यात हलवावे लागते, कारण पडून राहिलेल्या पंखांचे स्नायू ओसरतात व ते उडूनच परत येतात. दाणा ताटलीत न घालता कणसावर आणि फळ फांदीवर असे दिले की पक्षी स्वतः शोधून खाण्यास शिकतो. त्याच्याशी बोलावयाचे नाही, उलट त्याच्याच जातीच्या पाखरांत त्याला मिसळू द्यावयाचे. महिनोन्‌महिने चालणारे हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात प्रसिद्धी नाही. ज्याचा पंख कायमचा अधू झाला त्याला सोडण्याचा हट्ट धरणे ही क्रूरता होय; त्याने पक्षिगृहातच राहावे व नव्याने येणाऱ्या पिल्लांना सोबत द्यावी.

पोर्तो रिको बेटावरील हिरव्या पोपटांची हकीकत या बाबतीत बोधप्रद आहे. 1975 साली रानात त्यांची संख्या अवघी 13 उरली होती. पक्षिगृहात त्यांची वीण वाढविली गेली आणि 2000 सालापासून ते पक्षी रानात सोडण्यास प्रारंभ झाला. सोडण्यापूर्वी त्यांना शिकारी पक्ष्याची ओळख व धास्ती मुद्दाम शिकविली जाई. 2017 च्या वादळात डोंगरावरील रानटी थवा नाहीसा झाला, पण पक्षिगृहांतील पक्षी वाचल्यामुळे जात टिकली. आपल्या साध्या पोपटावर अशी वेळ आलेली नाही. परंतु ज्याच्या खांद्यावर तांबडा डाग असतो तो मोठा पोपट आज जागतिक यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि व्यापाऱ्यांच्या टोपल्यांत त्याचीच पिल्ले महाग विकली जातात. असा पक्षी बाजारात जप्त झाला तर त्याला जवळच्या माळावर सोडून चालणार नाही. तो ज्या रानाचा तेथेच तो पोचला पाहिजे.

नागपूर काय आणि पुणे काय, औशाहून दोन्ही दूर आहेत. पंख मोडलेला पक्षी एवढा प्रवास सहज सोसत नाही. म्हणून लहानसे का होईना, पशुवैद्याच्या देखरेखीखालील पक्षिगृह प्रत्येक जिल्ह्याच्या आवाक्यात असावे, अशी मागणी ग्रामपंचायतींनी अवश्य करावी. जिल्ह्याच्या मानाने त्यास येणारा खर्च फार नाही.

यावर शेतकरी विचारील की, पिकाचे काय? प्रश्न रास्त आहे. ज्याची कणसे जातात त्याला दयेचा उपदेश पुरत नाही. एका बाजूने तांबडी व दुसऱ्या बाजूने रुपेरी अशी चकाकणारी फीत पिकाच्या वर खुंटांना पीळ देऊन ताणून बांधली म्हणजे ती उन्हात झळकते व वाऱ्याने गुणगुणते, आणि पाखरे बिचकतात. मात्र ती दाण्यात दूध भरण्याच्या वेळीच बांधावी. आधीपासून लावली तर पाखरांना तिची सवय होते. एकटे लवकर किंवा एकटे उशिरा पेरलेले रान सर्वांत जास्त मार खाते, म्हणून शिवारातील पेरणी शक्यतो एकाच सुमारास व्हावी. फळांना पिशव्या घालता येतात. जाळी लावलीच तर ती ताणून बसवावी व दिवसातून दोनदा पाहावी. ढिली जाळी म्हणजे फासच.

आणखी एक गोष्ट ह्या तालुक्यात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. लातूर जिल्ह्यातील वनांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. पोपट स्वतः ढोली कोरून काढीत नाही. सुतार व तांबट पक्ष्यांनी सोडलेल्या भोकांत, किंवा औशाच्या किल्ल्यासारख्या जुन्या भिंतींच्या फटींत तो संसार मांडतो. तेव्हा जुना लिंब, चिंच वा आंबा, जो आतून पोकळ झाला म्हणून सरपणाला काढला जातो, तोच त्याचे घर असतो. पोपटांची वीण साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात होते आणि सुगीनंतर झाडतोडही त्याच सुमारास होते. झाड पडले की चार पिल्ले जमिनीवर येतात; त्यातील दोन मरतात आणि उरलेली दोन कोणाच्या तरी पिंजऱ्यात जातात. कार्यकर्त्याने दिवाळीनंतर शिवारफेरी करताना बांधावरील ढोलीची झाडे मालकाला दाखवून त्यांवर चुन्याची खूण करावी, आणि झाड काढणे अटळच असेल तर ते पावसाळ्यानंतर, वीण सुरू होण्यापूर्वी काढण्याविषयी मालकाचे मन वळवावे.