मिलिसेकंद वाचवून छत सांभाळलं जात नाही

लहान यंत्रांना हलकं एन्क्रिप्शन द्या, आणि हलकं म्हणजे जे कमीत कमी क्लॉक सायकल खातं ते, असा एक सिद्धांत सध्या मोठ्या आत्मविश्वासानं मांडला जातो. मांडणाऱ्यांच्या तक्त्यात स्पेक ही एन्क्रिप्शनची पद्धत सर्वांत वर, एईएस ही दुसरी पद्धत बरीच खाली. खाणीतल्या सेन्सरचं काय, असं विचारलं की उत्तर तयार असतं: दगड किती सरकला हा आकडा कोण चोरणार? एवढ्याशा यंत्राला एवढंसं कुलूप पुरे.

या उत्तराची मला चीड येते. भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्यात मॉईल कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा खाणीत छताला लावलेला सेन्सर दगड किती मिलिमीटर खाली आला ते बिनतारी कळवतो, असं धरू. आकडा 12. तो स्पेकनं काउंटर मोडमध्ये झाकला, म्हणजे किल्लीपासून तयार झालेली बिटांची माळ त्याच्याशी एक्सॉर केली. वाटेत कुणी हा संदेश अडवला. किल्ली त्याच्याकडे नाही. आकडा कुठल्या बाइटमध्ये असतो आणि साधारण केवढा असतो, एवढंच त्याला ठाऊक आहे. त्यानं 8 किमतीचा बिट उलटा केला. 12 म्हणजे 1100. ते झालं 0100, म्हणजे 4. वरच्या खोलीत पडद्यावर 4 मिलिमीटर दिसतात आणि खाली पाळी चालू राहते. एन्क्रिप्शन फुटलेलं नाही, आकडा मात्र खोटा आहे. स्पेकच्या जागी एईएस ठेवा, त्याच मोडमध्ये हेच घडेल. मग त्या तक्त्यातल्या वरच्या आणि खालच्या क्रमांकानं छताखालच्या माणसाला काय दिलं? एवढ्यानं संपत नाही. बॅटरी बदलली, काउंटर पुन्हा शून्यापासून सुरू झाला, की तीच माळ दुसऱ्यांदा वापरली जाते. दोन झाकलेले संदेश एकमेकांशी एक्सॉर केले की माळ गळून पडते आणि दोन आकड्यांमधला फरक उघडा होतो. कालचा निर्धोक संदेश जपून ठेवून आज पुन्हा सोडला, तर तेवढ्यासाठी बिट उलटवण्याचीही गरज नाही. आकडा चोरीला जाईल का, हा प्रश्नच इथे गौण आहे. आकडा खरा आहे का, हे विचारायला हवं, आणि त्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही.

वीज वाचते म्हणावं, तर 8 मेगाहर्ट्झच्या साध्या 8-बिट चिपवर नीट लिहिलेलं एईएस एक ब्लॉक अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत उरकतं. लोरा या बिनतारी पद्धतीच्या सर्वांत संथ वेगात वीसेक बाइट पाठवायला रेडिओ सेकंदभराहून जास्त चालू राहतो. स्पेकचा 64 बिटांचा ब्लॉक घेऊन सायकल वाचवाव्यात म्हणावं, तर तेवढ्या लहान ब्लॉकची मर्यादा स्वीट32 हल्ल्यानं 2016 मध्येच दाखवली.

‘एवढंसं कुलूप’ हा प्रकारही जुनाच. मायफेअर क्लासिक या बिनस्पर्श कार्डांत 48 बिटांची किल्ली आणि गुप्त ठेवलेली पद्धत होती. 2008 मध्ये ती पद्धत उघडी पडली, आणि तोवर जगभर वाटली गेलेली कार्डं परत गोळा करणं कुणाच्या हातात नव्हतं.

मग वापरायचं काय? रेडिओच्या चिपमध्येच एईएस असेल तर ते सीसीएम मोडमध्ये, म्हणजे खरेपणाच्या टॅगसह, वापरावं. नसेल तर अ‍ॅस्कॉन. 2014 मध्ये पुढे आलेली ही पद्धत 2023 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं लहान यंत्रांसाठी निवडली आणि 2025 मध्ये तिचं मानक झालं. 320 बिटांची अवस्था, 128 बिटांची किल्ली, आणि झाकणं व खरेपणाचा टॅग एकाच फेरीत. एक बिट उलटला तरी टॅग जुळत नाही आणि संदेश फेकला जातो. 16 बाइटांचा टॅग संथ रेडिओला जड वाटला तर तो 8 बाइटांपर्यंत कापता येतो. किल्ली प्रत्येक सेन्सरची वेगळी हवी. काउंटर फ्लॅशमध्ये हजाराच्या टप्प्यानं आगाऊ लिहून ठेवावा, म्हणजे बॅटरी काढली तरी सेन्सर पुढच्याच टप्प्यापासून मोजायला लागतो, आणि मागच्या काउंटरचा संदेश वरच्या यंत्रानं घ्यायचाच नाही.