दर्पणकारांच्या जिल्ह्यात बौद्धवाडीची बातमी कोण देणार?

मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचे. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाला, म्हणून ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा होतो. त्यानंतर पंचवीस दिवसांनी, ३१ जानेवारीला, आपण ‘मूकनायक’चा स्थापना दिन साजरा करतो. कॅलेंडरवर अंतर पंचवीस दिवसांचे, इतिहासात मात्र ८८ वर्षांचे. या ८८ वर्षांत आपल्या माणसांनी लिहिले नाही असे नाही. दापोलीत राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर ‘दीनबंधू’त लिहीत होते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढले. पण वलंगकरांना दुसऱ्याच्या पत्रात जागा मागावी लागत होती. आज सिंधुदुर्गातील आपली अवस्था यापेक्षा फार वेगळी आहे का, हा आमचा प्रश्न आहे.

जिल्ह्यात बातम्यांचा तुटवडा नाही. सावंतवाडीपासून वैभववाडीपर्यंत प्रत्येक तालुक्यात कुणी ना कुणी मोबाइल घेऊन बातमी करतो आहे. एसटी घाटात बंद पडली तर ती बातमी अर्ध्या तासात मुंबईतल्या चाकरमान्यापर्यंत पोहोचते. राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा देशभरातले कॅमेरे मालवणात आले आणि काही दिवसांनी निघून गेले. काही पडले, जळले, बुडाले की आपला जिल्हा दिसतो. वाडीकडे जाणारा साकव चार पावसाळे मोडलेला असेल, तर तो दिसत नाही.

याचे एक कारण पैशात आहे. छोट्या स्थानिक माध्यमांचा मोठा आधार नेत्यांच्या वाढदिवसाच्या आणि सणासुदीच्या शुभेच्छांच्या जाहिराती हाच असतो. ज्याच्या शुभेच्छा छापायच्या, त्याच्याच ठेकेदाराचे काम तपासायचे कसे? तिथल्या पत्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या जिवावरही बेतते. शेजारच्या राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी गाडीने चिरडले गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या बातमीत ज्याचे नाव होते, त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला.

दुसरे कारण बातमी ठरवणारे हात कुणाचे, यात आहे. ऑक्सफॅम आणि न्यूजलॉन्ड्री यांच्या २०१९ च्या पाहणीत वृत्तपत्रे, वाहिन्या, संकेतस्थळे आणि मासिके यांमधील १२१ नेतृत्वाच्या जागा तपासल्या गेल्या. त्यांपैकी १०६ जागांवर उच्चजातीय होते. अनुसूचित जाती-जमातींचे कुणीही नव्हते. जिथे आपला माणूस बसलेलाच नाही, तिथे वाडीची बातमी कुणाला बातमी वाटणार?

मग आपले स्वतःचे ऑनलाइन वृत्तपत्र काढावे, असे अनेक तरुण म्हणतात. काढायला दोन दिवस पुरतात. प्रश्न ते टिकवण्याचा आहे, आणि त्याचे धडे आपल्याच इतिहासात आहेत. ‘मूकनायक’साठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापायला नकार दिला. बाबासाहेब शिक्षणासाठी परदेशी गेले, व्यवस्था विस्कटली आणि १९२३ साली पत्र बंद पडले. ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ही १९२९ मध्ये थांबले. त्यात बाबासाहेब अंकच्या अंक एकटे लिहीत होते. याउलट १९३० मध्ये सुरू झालेले ‘जनता’ १९५६ पर्यंत चालले आणि पुढे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. या काळात संपादक बदलत गेले, पण पत्र चालू राहिले, कारण त्यामागे वाढती चळवळ आणि वर्गणीदार वाचक होता. बाबासाहेबांसारखा संपादक असूनही पत्र बंद पडू शकते, तर एका उत्साही तरुणाच्या मोबाइलवर ते किती दिवस चालेल?

अलीकडची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्यात २००२ साली ‘खबर लहरिया’ सुरू झाले. ग्रामीण भागातील दलित, आदिवासी, मुस्लिम आणि मागास समाजातील स्त्रिया बातमीदार झाल्या. भाषा दिल्लीची न ठेवता बुंदेली ठेवली. हातपंप, रस्ता, रेशन, बलात्काराची नोंदवून न घेतलेली तक्रार, हे त्यांचे विषय. पुढे त्या छापील अंकाकडून मोबाइलच्या व्हिडिओकडे वळल्या. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. दुसरे उदाहरण मीना कोटवाल यांचे. त्यांनी ३१ जानेवारी २०२१ रोजी, बाबासाहेबांच्या पत्राच्या १०१ व्या वर्धापनदिनी, ‘द मूकनायक’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि वाचकांच्या मदतीवर ते वाढवले. दोन्हीकडे समान गोष्ट एकच: रोज पायी फिरून आणलेली बातमी. जयंतीचे फोटो आणि नेत्यांचे निषेध एवढ्यावर ती उभी राहिली नाहीत.

आपल्या जिल्ह्यात अशी बातमी कुठे आहे? राज्य सरकारने ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचे ठरवले. आठ तालुक्यांत किती वाड्यांची नावे कागदावर बदलली आणि किती ठिकाणी दाखल्यावर जुनेच नाव येते? जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के आणि ग्रामपंचायतीने १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला? वस्ती विकास योजनेतून झालेला रस्ता खरोखर वस्तीपर्यंत पोहोचला की तिठ्यावरच संपला? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. समाजशास्त्र शिकलेल्या, कॉम्प्युटर येणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे काम जमणार नाही, असे आम्हाला वाटत नाही.

त्याबरोबर शिस्तही हवी. दोन बाजू विचारल्याशिवाय बातमी द्यायची नाही. अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचे नाव न छापणे पुरेसे नाही. पंधरा घरांच्या वाडीत वडिलांचे वय आणि शाळेचे नाव लिहिले तरी ओळख पटते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार डिजिटल वृत्त प्रकाशकाने तक्रार अधिकारी नेमून पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. यातील आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. पण न्यायालयाने अडवले म्हणून आपण बेजबाबदार व्हावे असे नाही. चुकीची बातमी गेली तर दुरुस्ती तितक्याच ठळकपणे गेली पाहिजे.

पैशाचे गणित साधे आहे. जिल्ह्यातील आणि मुंबईतील मिळून पाचशे कुटुंबांनी महिन्याला शंभर रुपये दिले, तर पन्नास हजार होतात. त्यात एक पूर्णवेळ आणि दोन अर्धवेळ बातमीदार काटकसरीने उभे राहू शकतात. मुंबईतील गावमंडळे विहाराच्या बांधकामासाठी यापेक्षा मोठ्या रकमा जमवतात. एकाच पुढाऱ्याने पन्नास हजार दिले तर काम सोपे होईल, पण वृत्तपत्र त्याचे होईल. पाचशे जणांचे पैसे गोळा करणे कटकटीचे आहे. त्या कटकटीतूनच स्वातंत्र्य येते.

खरी कसोटी मात्र वेगळी आहे. हे वृत्तपत्र उद्या आपल्याच विहार समितीचा हिशेब विचारेल. आपल्याच सरपंचाच्या कामाचा पंचनामा करेल. दोन गटांच्या दोन जयंत्या का होतात, तेही लिहील. त्या दिवशी आपण वर्गणी बंद करणार की उत्तर देणार? ‘आपले’ वृत्तपत्र म्हणजे आपली स्तुती करणारे वृत्तपत्र, अशी समजूत असेल तर शुभेच्छांचे फलक आहेतच. स्वतःला प्रश्न विचारू देण्याची तयारी असलेला समाजच दुसऱ्यांना प्रश्न विचारू शकतो.

म्हणून येत्या ३१ जानेवारीला केवळ अभिवादनाचा कार्यक्रम न ठेवता प्रत्येक तालुक्यातून दोन तरुण, त्यात एक मुलगी, अशी सोळा जणांची यादी करावी, असे आम्ही सुचवतो. प्रत्येकाने वर्षभरात आपल्या तालुक्यातील एकाच विषयाचा कागदोपत्री पाठपुरावा करावा. संकेतस्थळाचे नाव, बोधचिन्ह, उद्घाटन नंतर पाहू. आधी सोळा बातम्या तयार होऊ द्या.

जय भीम.